ताण दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागण्याआधी: गाइडेड इमेजरी कशी करायची

डिसेंबरातला द्राक्षाचा घड डोळ्यांसमोर आणा. मणी फुगलेत, पण साखर अजून भरायची आहे. त्यातला एक टणक, हिरवा मणी तोडून दाताखाली धरलाय. साल फुटते आणि आंबटढाण रस जिभेच्या दोन्ही कडांना लागतो.

वाचतानाच तोंडाला पाणी सुटलं असेल, कदाचित एक डोळाही बारीक झाला असेल. तोंडात द्राक्ष नाही, लाळ मात्र खरीखुरी आहे. आता उलटं करून बघा. 'लाळ सुट' असा स्वतःला हुकूम सोडा. काही होत नाही. लाळग्रंथी, हृदय, आतडी, रक्तवाहिन्या यांना शब्दांचा हुकूम कळत नाही. चव, वास, ऊब यांची आठवण कळते. 'टेन्शन घेऊ नकोस' या सल्ल्याने आजवर कुणाचं टेन्शन का गेलं नाही, त्याचंही उत्तर इथेच आहे.

या साध्या गोष्टीचा पद्धतशीर वापर म्हणजे गाइडेड इमेजरी. 'मार्गदर्शित कल्पनाचित्रण' असा भारदस्त प्रतिशब्द आहे, पण तो बोलण्यात कुणी वापरत नाही. इथे नुसतं मनचित्र म्हणू. कुणाच्या तरी आवाजाच्या आधाराने, रेकॉर्डिंग ऐकून, किंवा सराव झाल्यावर आपलं आपणच एका ठरलेल्या प्रसंगात जायचं, तो पाचही इंद्रियांनी भरायचा, तिथे दहा-पंधरा मिनिटं राहायचं आणि परत यायचं. एवढंच.

नाशिकमध्ये हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, 'म्हणजे विपश्यनाच ना?' नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिकवतात ते जवळपास याच्या उलट आहे. तिथे श्वास आणि अंगावरच्या संवेदना जशा आहेत तशा पाहायच्या असतात. त्यात शब्द, रूप किंवा कल्पना मिसळायची नाही, अशी स्पष्ट सूचना असते. मनचित्रात कल्पना हेच हत्यार आहे. दोन्ही एकाच बैठकीत मिसळून केलं तर दोन्ही बिघडतं. योगनिद्रा मात्र जवळची नातेवाईक आहे, कारण तिच्यात शरीरभर लक्ष फिरवल्यावर चित्रांचा एक टप्पा येतोच. आणि ज्या घरांत मानसपूजा होते तिथल्या आजीला तर यातलं काहीच नवीन वाटणार नाही. गंध उगाळल्याचा वास, फुलाचा ओलेपणा, निरांजनाची ऊब, सगळं मनातल्या मनात, क्रमाने, घाई न करता. तंत्र म्हणून पाहिलं तर ती फार चांगली रचना आहे.

शरीरात नेमकं काय होतं

मराठीने हे शरीरशास्त्र वाक्प्रचारांत आधीच लिहून ठेवलंय. घाबरल्यावर तोंडचं पाणी पळतं, म्हणजे लाळ कमी होते. हातपाय गार पडतात, म्हणजे त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. पोटात गोळा येतो, कारण पचनाचं काम मागे पडतं. छातीत धडधडतं. हे सगळं सिंपथेटिक मज्जासंस्था करते, जोडीला मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींतून ॲड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं. कुत्रा मागे लागला तर ही यंत्रणा जीव वाचवते. पण कर्जाचा हप्ता, मुलाचा निकाल, उद्याचा बायोप्सीचा रिपोर्ट यांची नुसती कल्पना केली तरी तीच यंत्रणा सुरू होते. म्हणजे चिंता हीसुद्धा एक गाइडेड इमेजरीच आहे, फक्त गाइड वाईट निवडलेला!

दुसऱ्या बाजूला पॅरासिंपथेटिक संस्था आहे, तिची मुख्य तार म्हणजे व्हेगस नर्व्ह. ती चालली की हृदय मंदावतं, आतडी कामाला लागतात. तेव्हाच सिंपथेटिकचा जोर उतरला की तळहात गरम होतात. श्वास सोडताना व्हेगसचा जोर वाढतो आणि ठोके किंचित हळू पडतात. मनगटाची नाडी धरून लांब श्वास घेतला-सोडला तर अनेकांना हा फरक बोटाला कळतो.

कल्पनेचा परिणाम शरीर किती मनावर घेतं, याची मापं आहेत. शिकागोत काम करणारे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवलं, की हात वाकवण्याची नुसती कल्पना केली तरी दंडाच्या स्नायूत बारीक विद्युत हालचाल होते. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१४ साली तर डोळ्याची बाहुली मोजली: माणसाने लख्ख उन्हातलं आकाश मनात आणलं की बाहुली लहान होते, अंधारी खोली आणली की मोठी. बाहुली ठरवून लहान-मोठी करता येत नाही, त्यामुळे ही साक्ष मोलाची.

यावरून 'मेंदूला खरं आणि कल्पना यातला फरकच कळत नाही' असं वाक्य सगळीकडे फिरतं. ते चूक आहे. मेंदूला फरक चांगला कळतो. कळला नसता तर कल्पनेतल्या द्राक्षावर पोट भरलं असतं. खऱ्या अनुभवात जे भाग कामाला लागतात त्यांतले बरेचसे कल्पनेतही लागतात, पण सौम्यपणे. सौम्य आहे म्हणूनच रोज करावं लागतं, आणि बारकाव्यांनी भरावं लागतं.

आधी पाणी कुठपर्यंत आलंय ते बघा

मानसशास्त्रज्ञ ० ते १० अशी पट्टी वापरतात. नाशिककरांकडे त्याहून चांगली पट्टी गोदाघाटावर उभी आहे, ती म्हणजे दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की शहर एकमेकांना विचारतं, 'दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी?' तोच प्रश्न स्वतःला विचारायचा. पावलांपर्यंत म्हणजे नेहमीची धावपळ. गुडघ्यापर्यंत म्हणजे चिडचिड, मान आखडलेली. कमरेपर्यंत: झोप तुटते, पोट बिघडतं. छातीपर्यंत: धडधड, एक काम धड होत नाही. गळ्यापर्यंत म्हणजे दुसरं काही सुचतच नाही.

मनचित्राचा सराव गुडघा ते कंबर या पातळीत सुरू करावा. लोक नेमकं उलटं करतात: पाणी गळ्याशी आलं की पहिल्यांदा यूट्यूब उघडतात, काही होत नाही, आणि 'हे आपल्यासाठी नाही' म्हणून सोडून देतात. पूर आल्यावर पोहायला शिकता येत नाही. बैठकीआधी आणि नंतर पातळी वहीत लिहा. छातीवरून कमरेवर आलं तरी बैठक यशस्वी. दर वेळी कोरडं पात्र दिसायला हवं, हा हट्ट नको.

जागा निवडताना होणारी चूक

तयार रेकॉर्डिंगमध्ये बहुधा समुद्रकिनारा असतो, नाहीतर पाइनचं जंगल. ज्याने पाइन कधी हुंगलाच नाही, त्याच्या मेंदूत त्या वासाची आठवण कुठून येणार? मनचित्राची ताकद सौंदर्यात नाही, ओळखीत आहे. मामाच्या गावचा ओटा पाइनच्या जंगलापेक्षा कितीतरी जास्त काम करतो.

पण ओळखीची प्रत्येक जागा चालते असंही नाही. रामकुंड बहुतेकांना आपोआप सुचतं: पाण्याचा आवाज, घंटा, ओल्या दगडी पायऱ्या. मात्र ज्यांनी वर्ष-दोन वर्षांत तिथे जवळच्या माणसाच्या अस्थी सोडल्यात, त्यांना पाचव्या मिनिटाला तोच दिवस आठवतो. द्राक्षबाग इतरांना प्रसन्न वाटते. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला वाटत नाही. तो मनातल्या बागेत शिरला, की पानं उलटून डाऊनी रोग शोधायला लागतो आणि फवारणीचा हिशेब सुरू होतो. बाग हे त्याचं ऑफिस आहे. सोमेश्वरचा धबधबा पाण्याची भीती नसणाऱ्यांना छान. पांडवलेणीची चढण दमवते, पण चढून आल्यावर लेण्याच्या सावलीतल्या गार दगडाला पाठ टेकून बसण्याचा क्षण उत्तम आहे.

निवडीची कसोटी सोपी. त्या जागी एक तरी तास निवांत गेलेला असावा. तिथलं काही काम बाकी नसावं. तिथे आठवणाऱ्या माणसाशी भांडण किंवा ताटातूट जोडलेली नसावी. खरी जागा सापडलीच नाही तर दोन-तीन आठवणींचे तुकडे जोडून बनवा. शेकोटी आजोळची, गोधडी घरची, हरकत नाही.

बैठक

खुर्ची हवी, शक्यतो हात टेकायला असलेली. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर. आडवं पडून केलं की दहातले सात जण झोपतात असं समजा. झोपेसाठीच करायचं असेल तर ठीक. फोन एअरप्लेन मोडवर, घरच्यांना पंधरा मिनिटं हाक मारू नका म्हणून सांगितलेलं. जेवल्यावर लगेच नको. पट्टा, चष्मा, घड्याळ सैल किंवा बाजूला.

पहिली तीन मिनिटं चित्र काढायचंच नाही. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. दहा सेकंदांचा एक श्वास, मिनिटाला सहा. मोजताना दम लागत असेल तर तीन-चार करा. छाती भरभरून मोठे श्वास घेऊ नका: त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि आधीच घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. श्वास संथ हवा, मोठा नाही. मग मुठी पाच सेकंद घट्ट आवळून एकदम सोडा, पंधरा सेकंद नुसता फरक जाणवू द्या. तसंच खांदे कानांकडे उचलून सोडा, मग जबडा. आवळल्याशिवाय सैल म्हणजे काय ते स्नायूला समजत नाही.

आता चित्र. खाली एक नमुना आहे, थंडीतल्या पहाटेचा. कंसातले सेकंद म्हणजे तितकं गप्प राहायचं. ती शांतता हेच खरं औषध आहे, वाक्यं फक्त तिथे पोचवतात.

'जानेवारीतली पहाट आहे. अजून उजाडलेलं नाही. (८) खांद्यांवर गोधडी आहे. तिचं वजन जाणवतंय का बघा. (१०) पायांखाली अंगणातली माती, गार. (१०) समोर शेकोटी आहे. दोन्ही हात पुढे करा, मनातल्या मनात. आधी तळव्यांना धग लागते... मग बोटांच्या टोकांना. (२०) तुराट्या पेटतात त्याचा आवाज. तड... तड. (१५) धुराचा वास. त्यात कुठूनतरी आल्याच्या चहाचा. (१५) शेजारी कुणी बसलं असेल, किंवा नसेल. जसं असेल तसं चालेल. (१०) बघावंसं वाटलं तर निखाऱ्यांकडे बघा. मधेच एखादा जास्त लाल होतो, मग राखाडी. (२०) श्वास आत... आणि सोडताना तळव्यांतली ऊब मनगटापर्यंत येते. पुढच्या वेळी कोपरापर्यंत. (३०) इथे काही करायचं नाहीये. (४०)'

यातला क्रम मुद्दाम आहे. वजन आणि तापमान आधी, आवाज नंतर, मग वास, दृश्य सगळ्यात शेवटी. 'डोळ्यांसमोर चित्र आणा' अशी सुरुवात केली की निम्मे लोक पडद्यावर सिनेमा दिसण्याची वाट बघत बसतात. काहींना मनात चित्र दिसतच नाही. ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्ट ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली या वैशिष्ट्याला 'अफँटेशिया' असं नाव दिलं. हा आजार नाही. अशा माणसालाही गोधडीचं वजन आणि धुराचा वास पुष्कळदा आठवतो, आणि तेवढ्यावर भागतं.

शेकोटीही उगाच घेतलेली नाही. तळहात गरम होणं म्हणजे आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल पडल्याची बाहेरून तपासता येणारी खूण. बैठकीआधी आणि नंतर तळहात गालाला लावून बघा. आधी गार आणि नंतर कोमट लागला, तर आत काय झालं ते कळायला दुसरं यंत्र नको.

चित्र चांगलं रंगलेलं असताना अंगठा आणि मधलं बोट हलकेच जुळवा, तीन श्वास तसंच राहा. ही खूण रोज, त्याच क्षणी, त्याच बोटांची. महिनाभराने नुसती बोटं जुळवली तरी शरीराला अर्धा रस्ता आठवतो.

परतीला पूर्ण एक मिनिट द्या. पाचपासून एकपर्यंत उलटं मोजायचं, बोटं हलवायची, खोलीतले दोन आवाज ओळखायचे, मग डोळे. एकदम उठलात तर डोकं जड राहतं, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उभं राहताना भोवळ येऊ शकते.

रोज एकदा, तीच जागा, तेच चित्र, किमान तीन आठवडे. लोकांना वाटतं रोज नवं चित्र असावं म्हणजे कंटाळा येणार नाही. कंटाळाच हवाय! पायवाट एकाच जागी चालून पडते. सातपूर-अंबडला फिरत्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी घड्याळाची वेळ धरू नये, एखादी सवय धरावी: ड्यूटीवरून येऊन अंघोळ झाली की लगेच. मग शिफ्ट पहिली असो की तिसरी.

आवाज स्वतःचा करून घ्या

तयार ॲपपेक्षा घरी केलेलं रेकॉर्डिंग बरं. फोनमधलं व्हॉइस रेकॉर्डर पुरतं. स्वतःचा आवाज खटकत असेल तर ज्याचा आवाज ऐकून बरं वाटतं त्याला वाचायला सांगा. वर दिलेला नमुना श्वासांसकट बारा मिनिटांचा होईल इतका हळू वाचायचा. पहिल्या वेळी प्रत्येक जण पाच मिनिटांत संपवतो. वडिलांसाठी करत असाल तर घरी 'तुम्ही' म्हणता तसंच 'तुम्ही', आईला 'तू' म्हणत असाल तर 'तू'. पुस्तकी 'आपण' आला की माणूस सरसावून बसतो.

वाक्यांत दोन गोष्टी टाळाव्यात. एक, नकार. 'दुखतंय तिकडे लक्ष देऊ नका' म्हटलं की लक्ष तिकडेच जातं. दोन, खोटा निकाल. 'आता तुम्ही पूर्णपणे शांत झाला आहात' हे ऐकून ज्याचं मन अजून घोंगावतंय तो मनातल्या मनात 'कुठे?' असं विचारतो आणि बाहेर पडतो. 'जाणवतंय का बघा', 'जमेल तेवढं' अशी वाक्यं कुणाशी भांडत नाहीत.

बिघडतं कुठे

मन भरकटतं. भरकटू द्या, ध्यानात आलं की चित्रातल्या स्पर्शाकडे परत या, गोष्टीकडे नाही. 'मी कुठवर आलो होतो' शोधत बसायचं नाही, थेट गोधडीचं वजन.

झोप लागते. रोज लागत असेल तर ती झोपेची थकबाकी आहे, तंत्राची चूक नव्हे. पाय किंवा हात एकदम झटकला गेला तर घाबरू नका, झोपेच्या उंबरठ्यावर असं होतं.

रडू येतं. दोन-चार मिनिटांत ओसरलं तर बिघडलेलं काही नाही. दर बैठकीला तीच जुनी घटना येऊन बसत असेल, तर एकट्याने करणं थांबवा आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा.

सगळ्यात गोंधळात टाकणारी तक्रार वेगळीच असते: 'सैल व्हायला लागलं की उलट भीतीच वाटते.' हे खरं असतं, त्याला रिलॅक्सेशनमुळे येणारी चिंता असं म्हणतात. वर्षानुवर्षं पहारा देणाऱ्याला खुर्चीवर बसवलं तर तो आधी दचकणारच. अशांनी डोळे अर्धे उघडे ठेवावेत, पाठ भिंतीला लावावी, बैठक तीन मिनिटांवर आणावी आणि दर आठवड्याला एक-एक मिनिट वाढवावं. दमा असेल आणि श्वास मोजताना छाती आवळल्यासारखी वाटत असेल, तर श्वासाचा टप्पा गाळून सरळ तळव्यांच्या उबेवर जा.

दुखणं, शस्त्रक्रिया, दवाखाना

ताणाचा जखम भरण्याशी संबंध आहे का? आहे. अमेरिकेत जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांच्या गटाने १९९५ साली स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या १३ बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका घेतल्या, सगळ्यांच्या हातावर ३.५ मिलिमीटरची एकसारखी जखम केली. शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. उलट दिशेचा पुरावाही थोडा आहे: न्यूझीलंडमध्ये पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी तीन दिवसांपासून ते नंतर आठवडाभर शिथिलीकरण आणि मनचित्रं ऐकणाऱ्या रुग्णांत जखम भरण्याशी संबंधित घटक जास्त सापडला, तो अभ्यास २०१२ सालचा. म्हणून ऑपरेशनची तारीख मिळाली की त्याच दिवशी सराव सुरू करावा. आदल्या रात्री सुरू करून फार काही हाती लागत नाही.

एमआरआयसाठी एक युक्ती. वीस ते पंचेचाळीस मिनिटं बोगद्यात पडून राहायचं, आणि मशिनचा ठकठकाट प्रचंड. तो आवाज नाही असं समजायला जाल तर हराल. त्याला चित्रात जागा द्या. नाशिककराला तर शोधायलाही नको: लांबून येणारं ढोलपथक. मशिनची लय बदलली की पथकाने ताल बदलला. हातात दिलेला बल्ब दाबला की तंत्रज्ञ लगेच येतो, हे आधी विचारून खात्री करून घ्या. सुटकेची वाट माहीत असेल तर चित्रात राहणं सोपं जातं.

जुन्या दुखण्यासाठी पंख्याचा रेग्युलेटर. दुखण्याला आकार द्या, रंग द्या, मग भिंतीवरचा रेग्युलेटर कितीवर आहे ते बघा. चारवर असेल तर साडेतीनवर आणा, एकदम बंद करायला जाऊ नका. मन अशक्य गोष्ट नाकारतं, किंचित गोष्ट मान्य करतं. सांधेदुखी, पाठदुखी, केमोआधीची मळमळ, यांत काहींना चांगला उतार पडतो, काहींना अगदी थोडा.

आतड्यांच्या आयबीएस या त्रासात नदीची प्रतिमा वापरतात. मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी १९८४ साली संमोहनातून पोटाला शांत करण्याची पद्धत तपासली. तिच्यात आतड्याची चाल म्हणजे नदीचा प्रवाह अशी कल्पना केली जाते. जुलाब होणाऱ्याने पूर ओसरल्यावरची संथ गोदावरी बघायची, कोठा जड असणाऱ्याने धरणातून हळूहळू सोडलेलं पाणी. दोघांना एकच चित्र देणं चूक.

पक्षाघातानंतर हात हलवण्याची कल्पना फिजिओथेरपीच्या जोडीला करतात. तिथे नियम वेगळे: स्वतःला बाहेरून बघायचं नाही, आतून करायचं. चहाचा कप उचलायला खऱ्या हाताला जितका वेळ लागला असता, तितकाच कल्पनेत. दहा वेळा मनात, मग एकदा प्रत्यक्ष प्रयत्न. मन यातही थकतं, त्यामुळे एका वेळी दहा मिनिटं पुरे.

आणि आता स्पष्ट बोलायची गोष्ट. १९७०च्या दशकात अमेरिकेतले कर्करोगतज्ज्ञ कार्ल सायमन्टन यांनी रुग्णांना पांढऱ्या पेशी गाठीवर तुटून पडतायत अशी कल्पना करायला शिकवलं. ते जगभर पोचलं, आपल्याकडेही शिबिरांतून येतं. मनचित्राने गाठ वितळते असा भरवशाचा पुरावा नाही. भीती, मळमळ, झोप यांना मदत होते, ती कमी मोलाची नाही. पण 'मनापासून कल्पना केलीत तर बरे व्हाल' असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. कारण आजार वाढला की रुग्ण स्वतःलाच दोष देतो, माझीच कल्पना कमी पडली म्हणून. केमो, रेडिएशन, इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी यांतलं काहीही मनचित्राच्या भरवशावर थांबवू किंवा कमी करू नये.

छातीत दुखणं, हात किंवा जबड्याकडे कळ जाणं, एकाएकी तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं या वेळी डोळे मिटून बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. इन्सुलिन घेणाऱ्याला घाम, थरथर, धडधड सुरू झाली तर ती चिंता नसून साखर उतरलेली असू शकते, आधी साखर तपासा. ज्यांना भास होतात, आवाज ऐकू येतात, किंवा बलात्कार, अपघात, मारहाणीच्या आठवणी उसळून येतात, त्यांनी हे मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नये. पाणी कित्येक दिवस गळ्याशीच असेल, जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही चालतो.

गाडी चालवताना रेकॉर्डिंग लावायचं नाही, मुंबई-आग्रा रस्ता सरळ असला तरी. नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत अडकून डोकं तापलंच, तर डोळे उघडे, नजर पुढच्या गाडीच्या दिव्यावर, आणि चित्र अजिबात नाही. नुसता सहा मोजेपर्यंत सोडलेला श्वास आणि स्टिअरिंगवरच जुळवलेला अंगठा आणि मधलं बोट. तीन श्वासांनंतर हॉर्नवरचा हात आपोआप खाली आला, तर तीन आठवड्यांच्या शेकोटीची ऊब तिथवर पोचली म्हणायची.